बुरुंगसॉंग बिनह्यॉल: औषधाला उत्तर न देणाऱ्या रक्ताचं कोरियन नाव

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडणारा माणूस आजारातलं फारसं काही बरोबर घेऊन जात नाही, नाव तेवढं घेऊन जातो. घरी गेल्यावर तेच सांगतो. मग घरातली माणसं त्या नावावरून ठरवतात, घाबरायचं की निर्धास्त राहायचं, पानात काय वाढायचं, कुणाला फोन करायचा. म्हणून वैद्यकातल्या शब्दांचं भाषांतर मला कोशकारांपुरतं काम वाटत नाही. चुकीच्या किंवा अपुऱ्या नावाने माणसं चुकीच्या दिशेला जातात.

याचं एक फार बोलकं उदाहरण कोरियन भाषेत सापडतं. इंग्रजीतला ‘रिफ्रॅक्टरी ॲनिमिया’, म्हणजे नेहमीच्या उपचारांना दाद न देणारा रक्तक्षय, कोरियनमध्ये ‘बुरुंगसॉंग बिनह्यॉल’ होतो. या दोन शब्दांच्या पोटात केवढं काय दडलं आहे ते उलगडून बघू. (कोरियन उच्चार देवनागरीत हुबेहूब बसत नाहीत, कानाला जवळचे वाटतील असे लिहिले आहेत.)

आधी ‘बिनह्यॉल’. ‘बिन’ म्हणजे गरीब, ‘ह्यॉल’ म्हणजे रक्त. गरीब रक्त. दारिद्र्याला कोरियनमध्ये ‘बिनगोन’ म्हणतात, त्यातला ‘बिन’ हाच. ग्रीक मुळावरून आलेला ‘ॲनिमिया’ शब्दशः ‘रक्त नसणं’ सांगतो, आणि ते खरं नाही, कारण रक्त असतंच. आपला ‘रक्तक्षय’ रक्त झिजत चाललंय असं सांगतो. आयुर्वेदातला ‘पांडुरोग’ रक्ताचं नावही न घेता फिकट पडलेल्या कातडीकडे बोट दाखवतो. या सगळ्यांत मला कोरियन नाव सर्वांत नेमकं वाटतं. रक्त आहे, वाहतंय, पण त्यात जे असायला हवं ते पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात प्रौढ पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या खाली आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीचं १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. ते गरिबीच्या रेषेसारखंच आहे.

पण नेमका शब्दसुद्धा वापरून वापरून सैल होतो. कोरियात बसलेला माणूस झटकन उभा राहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की तो सहज म्हणतो, मला बिनह्यॉल आहे. ही अंधारी बहुतेक वेळा उभं राहताना रक्तदाब क्षणभर खाली गेल्यामुळे येते, हिमोग्लोबिनशी तिचा संबंध असेलच असं नाही. तरी बोलीत तो शब्द चक्कर येण्याचा झाला आहे, जसं आपल्याकडे कुठल्याही अशक्तपणाला ‘रक्त कमी झालंय’ म्हणतात. त्यामुळे कोरियन डॉक्टर जेव्हा ‘बिनह्यॉल’ उच्चारतो, तेव्हा समोरच्याच्या मनात भोवळ, अपुरी झोप, चुकलेलं जेवण असं काहीतरी उभं राहतं. गंभीर काही उभं राहत नाही.

आता ‘बुरुंगसॉंग’. हा तीन तुकड्यांचा शब्द: ‘बुल’ म्हणजे नाही, ‘उंग’ म्हणजे उत्तर देणं, प्रतिसाद देणं, आणि ‘सॉंग’ म्हणजे स्वभाव, गुणधर्म. ‘बुल’ आणि ‘उंग’ जोडताना मधला ल बोलण्यात र होतो, आपल्या संधीसारखाच. ‘उंग’ कोरियनमध्ये जागोजागी भेटतो. प्रतिक्रियेला ‘बानुंग’, प्रश्नाच्या उत्तराला ‘उंगदाप’. पोलिसांनी नाक्यावर थांबायला सांगितलं आणि कुणी जुमानलं नाही, किंवा समन्स येऊनही हजर झालं नाही, तर बातमीत त्याला ‘बुरुंग’ म्हणतात. म्हणजे शब्दात अनुत्तर आहे, थोडी अवज्ञाही आहे.

ही अवज्ञा मूळ लॅटिनमध्येही होती. ‘रिफ्रॅक्टरी’ ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ हट्टी, न जुमानणारा. इंग्रजीत तोच शब्द पुढे तीन वाटांनी गेला. भट्टीच्या आत लावतात त्या, आगीला न वितळणाऱ्या विटा रिफ्रॅक्टरी. मराठीत आपण त्यांना उच्चतापसह म्हणतो. मज्जातंतूने एकदा संदेश पाठवला की पुढचा काही क्षण तो कुठल्याच चेतवणीला प्रतिसाद देत नाही, तो काळ रिफ्रॅक्टरी. आणि औषधाला न बधणारा आजार रिफ्रॅक्टरी. कोरियन भाषेने या तिन्हींना एकच शब्द दिला नाही. विटेला तिने ‘आग सोसणारी’ म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच. मज्जातंतूच्या त्या क्षणाला ‘बुरुंगगी’, उत्तर न देण्याचा काळ. आणि आजाराला बुरुंगसॉंग. भाषांतर करणाऱ्याने इथे अक्षरं बाजूला ठेवून काम बघितलं आहे, विटेने काय करायचं असतं आणि रक्ताने काय केलं नाही.

हट्टी आजारांसाठी कोरियन वैद्यकात आणखी तीन शब्द जवळपास वावरतात, आणि त्यांची गल्लत परक्या भाषांतरकाराकडून हमखास होते. ‘नानचिसॉंग’ म्हणजे बरं करायला अवघड. ‘जॉहांगसॉंग’ म्हणजे प्रतिकार करणारं. औषधं देऊनही खाली न येणाऱ्या रक्तदाबाला हा शब्द लागतो. ‘नेसॉंग’ म्हणजे सोसण्याची ताकद. प्रतिजैविकांना न मरणाऱ्या जंतूंना तो लागतो, आणि रोज वेदनाशामक घेऊन घेऊन गोळीचा असर कमी झाला तर सामान्य माणूसही ‘नेसॉंग आला’ म्हणतो.

चारही शब्द मराठीत आणताना ‘उपचारांना न जुमानणारा’ असं एकच भाषांतर करून मोकळं होण्याचा मोह होतो. पण त्यांतला फरक कामाचा आहे. नेसॉंगमध्ये औषध आधी चालत होतं, मग चालेनासं झालं. जॉहांगसॉंगमध्ये दोन बाजू आहेत, औषध ढकलतंय आणि आजार उलट ढकलतोय. नानचिसॉंग आजाराच्या स्वभावाबद्दल बोलतो: हा अवघडच आहे. बुरुंगसॉंग मात्र फक्त घडलेली गोष्ट सांगतो. औषध दिलं, उत्तर आलं नाही. उद्या दुसऱ्या औषधाला उत्तर येईल का, याबद्दल तो गप्प आहे. या गप्प राहण्यामुळेच तो बरोबर आहे, आणि का ते कळायला थोडा इतिहास हवा.

उत्तर दिलं नाही, पण कशाला? १९२६ पर्यंत ‘पर्निशियस ॲनिमिया’ नावाचा रक्तक्षय जवळजवळ नक्की मरण होता. त्या वर्षी बॉस्टनमध्ये जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून रक्त वाढवून दाखवलं. १९३४ मध्ये जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. यकृतातला तो गुण ब-१२ जीवनसत्त्वाचा होता, हे १९४८ मध्ये ते वेगळं काढल्यावर कळलं. म्हणजे एकेकाळी कशालाच दाद न देणारा आजार एका खाद्यपदार्थाला दाद देऊ लागला.

या गोष्टीतलं एक पान आपल्या मुंबईचं आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर इथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती बायकांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय त्या अभ्यासत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली तो पर्निशियस ॲनिमियासारखाच दिसायचा, मोठमोठ्या तांबड्या पेशी. पण तिकडे काम करणारा यकृताचा शुद्ध अर्क इकडे चालेना. चाललं ते मार्माइट, यीस्टपासून केलेलं स्वस्त, खारट चाटण. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला, आणि आज गर्भवतीला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते तिच्यात तो असतो. मुंबईतल्या त्या बायकांचा आजार यकृताच्या शुद्ध अर्कापुढे बुरुंगसॉंग होता, मार्माइटपुढे नव्हता. हट्ट आजारात नसतो, आजार आणि त्या वर्षीचं औषध यांच्या नात्यात असतो.

१९३८ मध्ये अमेरिकेत ऱ्होड्स आणि बार्कर यांनी अशा १०० रुग्णांचा अभ्यास ‘रिफ्रॅक्टरी ॲनिमिया’ याच नावाने छापला. लोह देऊन झालं होतं, यकृत देऊन झालं होतं, रक्त वाढत नव्हतं. ती एक मोठी टोपली होती. ज्यांचं कारण सापडलं नाही ते सगळे तिच्यात. पुढच्या दशकांत टोपली उपसत गेली आणि तळाशी एक खरा, वेगळा आजार उरला. त्यातल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग होतो हेही लक्षात आलं. हा आजार रक्ताचा नव्हता, रक्त जिथे घडतं त्या अस्थिमज्जेचा होता.

तिथे काय होतं हे कुंभाराच्या आव्यावरून समजून घेता येईल. आपली मज्जा दिवसाला सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी बाहेर पाठवते, आणि प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते. रक्तात पेशी कमी पडल्या की पहिला संशय कच्च्या मालावर येतो: लोह नाही, ब-१२ नाही, फोलिक ॲसिड नाही. माती नाही म्हणून मडकी नाहीत. ते आणून दिलं की काम सुरू होतं. या आजारात मात्र माती भरपूर असते. आव्यात मडकीही गच्च लागलेली असतात. पण घडणच सदोष असल्यामुळे भाजून निघण्याआधीच बरीचशी तडकतात. मज्जा तपासली तर ती बहुधा पेशींनी भरलेली दिसते, आणि बोटातलं रक्त मात्र गरीब. आता अशा कुंभाराला आणखी माती नेऊन दिली तर काय होणार? ढीग वाढेल.

हे नुसतं रूपक नाही. या रुग्णांना वारंवार रक्त भरावं लागतं, आणि रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमहून जास्त लोह बाहेर टाकू शकत नाही. उरलेलं यकृतात, हृदयात साठत जातं. इथे नावाचा धोका सुरू होतो. ‘बिनह्यॉल’ ऐकून कोरियन घरात कुणीतरी बैलाच्या साकळलेल्या रक्ताचं ‘सॉन्जी’ घातलेलं सूप रांधायला घेतं, कारण रक्त कमी असेल तर सॉन्जी खावी ही तिथली जुनी समजूत. आपल्याकडे खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई येते, शिवाय मेडिकलमधून परस्पर आणलेल्या लोहाच्या गोळ्या. साध्या लोहकमतरतेत या सगळ्याला अर्थ आहे. पण ज्याच्या शरीरात लोह आधीच साठत चाललंय, त्याला डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. नावातला दुसरा शब्द ऐकला आणि पहिला सुटला की असं होतं.

लोहाचाच दुसरा धागा या आजाराच्या एका प्रकारात अगदी डोळ्यांना दिसतो. मज्जेतल्या बाल-तांबड्या पेशींना लोह दाखवणारा निळा रंग दिला की काही पेशींत केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचं कडं उमटतं. हिमोग्लोबिनमध्ये जायचं लोह पेशीच्या ऊर्जाघरांत, मायटोकाँड्रियात, अडकून बसलेलं असतं, आणि ती ऊर्जाघरं केंद्रकाभोवती जमलेली असतात. निदान पाच ठिपके आणि केंद्रकाच्या परिघाचा तिसरा हिस्सा व्यापलेला असला तर त्या पेशीला ‘रिंग सिडेरोब्लास्ट’ म्हणतात. कड्याची लोहपेशी म्हणू.

कोरियनमध्ये या कड्यासाठी आधी ‘ह्वानसांग’ हा शब्द रुळला. चिनी चित्राक्षरांत लिहिला तर त्याचा अर्थ स्वच्छ आहे, कड्याच्या आकाराचं. पण कोरियात आता सगळं लेखन हांगुल या त्यांच्या स्वतःच्या लिपीत होतं. १९७० पासून शालेय पुस्तकांच्या मजकुरातून चित्राक्षरं हटली. हांगुलमध्ये फक्त उच्चार दिसतो. आणि ‘ह्वानसांग’ याच उच्चाराचा दुसरा, रोजच्या वापरातला शब्द आहे ज्याचा अर्थ कल्पनाविलास, स्वप्नरंजन. तपासणीच्या कागदावर ‘ह्वानसांग’ वाचणाऱ्या तरुणाला कडं न दिसता भ्रम दिसला, तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून अलीकडे कड्यासाठी अस्सल देशी कोरियन शब्द वापरतात, ‘गोरी’. कुलपाची कडी, साखळीचा दुवा, कुठलीही गोल कडी म्हणजे गोरी. लहान मुलालाही कळतो.

ही अडचण समजायला कोरियन वैद्यकीय शब्द आले कुठून हे बघावं लागतं. आपली पारिभाषिक मराठी जशी संस्कृतच्या साठ्यावर उभी आहे, तसं कोरियनचं तत्सम भांडार चिनी अक्षरांचं. पण आधुनिक वैद्यकाचे बरेचसे शब्द त्या अक्षरांतून घडवले ते जपान्यांनी. १७७४ मध्ये सुगिता गेन्पाकू आणि त्यांच्या सोबत्यांनी एक डच शरीररचनाग्रंथ जपानीत आणला, तेव्हा मज्जातंतूसाठी शब्दच नव्हता. त्यांनी तो घडवला, आणि तोच आज कोरियन उच्चारात ‘सिनग्यॉंग’ म्हणून रोज बोलला जातो. सोलमधल्या जेजुंगवॉन रुग्णालयात १९०६ मध्ये किम पिल-सुन यांनी भाषांतरित केलेलं शरीररचनेचं पुस्तक छापलं गेलं, तेही जपानी पुस्तकावरून. पुढे ३५ वर्षांची जपानी राजवट आली आणि हे शब्द पक्के झाले. स्वातंत्र्यानंतर ते काढावेत की ठेवावेत हा वाद सुरू झाला. काढले तर डॉक्टरांची पिढी अडखळते, ठेवले तर रुग्णाला कळत नाहीत.

कोरियन वैद्यक संघटनेच्या परिभाषाकोशाच्या २००१ च्या आवृत्तीने देशी शब्दांकडे जोरात पाऊल टाकलं. शरीरातल्या ग्रंथींसाठी ‘सॉन’ हा चिनी वळणाचा शब्द होता, त्याजागी ‘सेम’ आला. सेम म्हणजे पाण्याचा झरा. थायरॉइड ‘गापसांगसॉन’ होतं ते ‘गापसांगसेम’ झालं. ग्रंथी म्हणजे जिथून काहीतरी पाझरतं ती जागा, हे इतक्या सोप्या शब्दात सांगितलेलं बघून मला त्या समितीचा हेवा वाटतो. तरीही लोकांच्या तोंडी सॉन आहेच, आणि आज दोन्ही चालतात. शब्द आज्ञेने बदलत नाहीत, पण सुंदर असला तर थोडी जागा करून घेतात.

मज्जेच्या या आजाराच्या मोठ्या नावाचंही असंच झालं. ‘मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम’, डॉक्टरांच्या तोंडी एमडीएस. कोरियनमध्ये मज्जा ‘गोलसू’. जुनं नाव ‘गोलसू इह्यॉंगसॉंग’, जपानी घडणीचं: मज्जेची वेगळी घडण. आता ‘गोलसू ह्यॉंगसॉंग इसांग’ जास्त दिसतं: मज्जेच्या घडणीतला बिघाड. फरक एवढासा वाटतो, पण पहिल्यात ‘वेगळी’ आहे आणि दुसऱ्यात ‘बिघडलेली’ आहे. वेगळं असणं हा काही आजार नव्हे. दुसरं नाव रुग्णाशी जास्त प्रामाणिक आहे.

आता या सगळ्या शब्दांतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी जोडी.

मज्जेतल्या अगदी कोवळ्या, अजून काही न झालेल्या पेशींना इंग्रजीत ‘ब्लास्ट’ म्हणतात. निरोगी मज्जेत त्या ५ टक्क्यांहून कमी असतात. ५ ते २० टक्क्यांच्या मध्ये गेल्या की आजार धोक्याच्या वळणावर आहे, २० च्या वर गेल्या की सहसा तीव्र रक्तकर्करोग धरतात. मधल्या टप्प्याचं जुनं इंग्रजी नाव ‘जादा ब्लास्ट असलेला रिफ्रॅक्टरी ॲनिमिया’. ब्लास्टला कोरियनमध्ये ‘मोसेपो’ म्हणतात. ‘मो’ म्हणजे आई, ‘सेपो’ म्हणजे पेशी. मातृपेशी. जुन्या कागदांत ‘आसेपो’ही दिसतं, त्यातला ‘आ’ म्हणजे कोंब, अंकुर. तर रुग्णाला सांगितलं जातं की तुमच्या मज्जेत मातृपेशी फार झाल्या आहेत, हे वाईट आहे.

आणि मग, वय आणि प्रकृती साथ देत असेल, तर त्याच रुग्णाला या आजारातून कायमचं बाहेर काढू शकणारा एकमेव उपचार सुचवला जातो: दुसऱ्याच्या मज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींचं रोपण. कोरियात पहिलं असं रोपण १९८३ मध्ये कॅथलिक विद्यापीठाच्या रुग्णालयात झालं. त्याचं आजचं कोरियन नाव ‘जोह्यॉल मोसेपो इसिक’. रक्त घडवणाऱ्या मातृपेशींचं रोपण. तीच आई, तीच पेशी. एका वाक्यात मातृपेशी जिवावर उठलेल्या, पुढच्या वाक्यात मातृपेशी जीव वाचवणाऱ्या. डॉक्टरांना यात काही खटकत नाही, कारण त्यांच्या डोक्यात मागे ब्लास्ट आणि स्टेम सेल हे दोन वेगळे इंग्रजी शब्द चालू असतात. रुग्णाच्या डोक्यात ते नसतात. त्याला वाटू शकतं की माझ्याकडे जे जास्त आहे तेच मला आणखी का देताय? तिथे डॉक्टरांनी दोन मिनिटं थांबून सांगायला हवं की एक आई लेकरं वाढवणारी आहे, दुसरी स्वतःच कधी मोठी न झालेली. ती दोन मिनिटं कुठल्याही शब्दकोशात मिळत नाहीत.

नावं भीतीची दिशाही चुकवतात. पर्निशियस ॲनिमियाचं कोरियन नाव ‘आकसॉंग बिनह्यॉल’. ‘आकसॉंग’ म्हणजे दुष्ट स्वभावाचं, आणि कर्करोगाच्या गाठीला लावतात तोच हा शब्द. ऐकणारा हादरतो. पण हा आजार ब-१२ च्या इंजेक्शनांनी ताब्यात राहतो. दुष्टपणा १९२६ आधीचा आहे, नावात राहून गेलेला. उलट ‘बुरुंगसॉंग बिनह्यॉल’ ऐकताना काहीसं कारकुनी वाटतं, आणि तो मात्र आज कर्करोगांत गणला जाणारा आजार आहे. कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्यविम्यात कर्करोगाच्या रुग्णाची नोंद झाली की विम्यात बसणाऱ्या उपचारांचा फक्त ५ टक्के खर्च त्याच्याकडून घेतात. या नोंदीसाठी कागदावरचं नाव आणि त्याचा सांकेतिक क्रमांक महत्त्वाचा. जागतिक रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत हे आजार डी-४६ या क्रमांकाखाली येतात. कोरियाची रोगसूची तिच्यावरच बेतलेली आहे, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांच्या फायलींतही तो क्रमांक सापडेल. ‘साधा ॲनिमियाच ना’ म्हणून ज्याने तो कागद खणात टाकला, त्याच्या हातून हक्काची मदत निसटू शकते.

सर्वांत नवलाची गोष्ट अशी की इंग्रजीने हे नाव आता सोडलं आहे. १९८२ मध्ये फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांच्या गटाने या आजारांचे पाच प्रकार पाडले, त्यांतल्या चारांची नावं ‘रिफ्रॅक्टरी ॲनिमिया’नेच सुरू होत होती. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने तो शब्द काढून टाकला, कारण काही रुग्णांत तांबड्या पेशींपेक्षा पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट जास्त घटलेल्या असतात आणि ‘ॲनिमिया’ म्हणणं दिशाभूल करतं. २०२२ मध्ये ‘सिंड्रोम’ही जाऊन ‘निओप्लाझम’ आलं, म्हणजे पेशींची अनिर्बंध नवी वाढ. पण रोगसूचीच्या डी-४६ मध्ये जुनी नावं तशीच आहेत. त्यामुळे एकाच कोरियन रुग्णाच्या फायलीत मज्जेच्या अहवालावर नवं नाव, विम्याच्या अर्जावर बुरुंगसॉंग बिनह्यॉल आणि डॉक्टरांच्या टिपणात इंग्रजी आद्याक्षरं असं तिहेरी नामकरण असू शकतं. तीन आजार झाले की काय, असं घरच्यांना वाटलं तर त्यात आश्चर्य नाही.

नाव बदलायची तयारी कोरियन समाजात नाही असं मुळीच नाही. स्किझोफ्रेनियाला तिथे ‘मन दुभंगण्याचा आजार’ म्हणत. रुग्ण आणि कुटुंबीय त्या नावाखाली दबून गेले होते. २०११ मध्ये ते बदलून ‘जोह्यॉनब्यॉंग’ केलं: वाद्याच्या तारा जुळवण्याचा आजार. तारा सैल झाल्या आहेत, जुळवता येतील, असं सांगणारं नाव. आपल्याकडे कुठल्या आजाराला इतक्या मायेने कुणी नाव दिलंय का, आठवून बघावं लागेल.

बुरुंगसॉंगबद्दल मात्र मला वाटतं की तो ठेवावा. कारण त्याच्याच बळावर एक नाव फार स्पष्ट झालं आहे. २००८ मध्ये एका जनुकातला दोष सापडला, ज्याच्यामुळे शरीर खाल्लेलं लोह आत घेतच नाही. हा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांमध्ये लोह खरंच कमी असतं, आणि तरी लोहाच्या गोळीने रक्त वाढत नाही. कोरियन नावात लोह, म्हणजे ‘चॉल’, दोनदा येतं: ‘चॉल-बुरुंगसॉंग चॉल-ग्यॉलपिप बिनह्यॉल’. लोहाला उत्तर न देणारं, लोह कमी असलेलं गरीब रक्त. कशाची कमतरता आणि कशाला उत्तर नाही, दोन्ही नावातच सांगितलं. बुरुंगसॉंगच्या आधी औषधाचं नाव जोडलं की सगळा धूसरपणा जातो.

आणि मज्जेच्या त्या जुन्या आजारातही उत्तरं येऊ लागली आहेत. पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेल्या रुग्णांसाठी २००५ मध्ये अमेरिकेत लेनालिडोमाइडला मान्यता मिळाली, आणि त्यांतल्या अनेकांचं रक्त भरणं थांबलं. कड्याच्या लोहपेशींमागचा जनुकदोष २०११ मध्ये सापडला. २०२० मध्ये त्या प्रकारासाठी लुस्पाटरसेप्ट आलं. हे औषध कोवळ्या तांबड्या पेशींना पुरत्या भाजून निघायला मदत करतं, तडकणारी मडकी कमी करतं. ते सर्वांना लागू पडत नाही. पण ज्याला लागू पडतं, त्याच्या फायलीवर अजून ‘उत्तर न देणारं रक्त’ छापलेलं असतं, आणि त्याच फायलीत खाली हिमोग्लोबिनचा आकडा वर चढत गेलेला असतो.